एकशे वीस बाय ऐंशी

लवू घाडीगावकरच्या अंगात देवाने काही जास्तही घातलं नव्हतं आणि काही कमीही ठेवलं नव्हतं. हा शोध अंधेरीच्या एका कॉलेजातल्या फिजिऑलॉजी डिपार्टमेंटने लावला. तोवर अठरा वर्षं ही गोष्ट कुणाच्या, अगदी त्याच्या आईच्याही लक्षात आली नव्हती. उंची बेताची, रंग बेताचा, मार्क बेताचे. वर्गात तो नसला तर कुणाचं त्याच्यावाचून अडत नसे, आणि असला तरी हजेरी घेणाऱ्याच्या ते लक्षात राहत नसे.

शोधाला कारण झाली कमळ. कमळ वेसाव्याची, कोळीवाड्यातली. आई अंजनाबाई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, आणि पोरगी माणसाच्या आत काय काय चालतं ते शिकायला निघालेली. पहिल्याच वर्षी रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं प्रॅक्टिकल होतं. सुईने बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब ओढून ॲसिडात टाकायचा आणि शेजारच्या काचेच्या तपकिरी रंगाशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत बसायचं. कमळने स्वतःचं बोट टोचलं. आकडा आला साडेआठ. वर्टी मॅडमनी त्यावर लाल पेन्सिलने गोल काढला आणि खाली लिहिलं, 'रिपीट'.

वर्टी मॅडम डिपार्टमेंटच्या हेड. बाई शिस्तीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. पुस्तकात 'नॉर्मल' म्हणून छापलेला आकडा आला तर प्रयोग बरोबर. नाही आला तर विद्यार्थी चुकला, अशी त्यांची साधी सरळ पद्धत होती. चुकलेल्या प्रयोगावर सही नाही, सह्या नाहीत तर जर्नल पुरं नाही, आणि जर्नल पुरं नाही तर परीक्षेला बसायचं नाही. कमळने दुसरं बोट टोचलं. आठ पॉइंट सहा. रिपीट. तिसरं बोट. रिपीट. पोरीच्या अंगात खरंच रक्त कमी असेल, हे काही मॅडमच्या मनाला शिवलं नाही. गंमत अशी की कमळच्याही मनाला शिवलं नाही. तिने वैतागून शेजारच्या स्टुलावर बसलेल्या पोराचा हात ओढला.

"आण रे तुझं बोट. माझं रक्त बोगस आहे."

लवूचं आलं साडेचौदा. पुस्तकात छापलेलं, तंतोतंत. मॅडमनी सही केली आणि वर 'गुड'ही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात नाडी मोजायची होती. लवूची आली बहात्तर. श्वास मिनिटाला सोळा. ब्लडप्रेशर एकशे वीस बाय ऐंशी, सकाळी, दुपारी, जेवून, उपाशी, कसंही घ्या. मग काय विचारता! प्रत्येक प्रयोगात एकजण करणारा आणि एकजण अंगावर करवून घेणारा लागतो. या दुसऱ्याला म्हणतात सब्जेक्ट. सगळ्या बॅचला सब्जेक्ट म्हणून लवूच हवा झाला. पोरं रांग लावायची. कुणी वडापाव आणायचं, कुणी सिनेमाचं तिकीट. लवूच्या डाव्या हाताच्या बोटांची चाळण झाली होती, स्टुलावर चढून-उतरून नाडी मोजायच्या प्रयोगात तो एका दुपारी अकरा जणांसाठी चढला-उतरला होता, आणि तरीही तो खूष होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याशिवाय कुणाचं तरी अडत होतं. त्याला सगळं कॉलेज 'नॉर्मल लवू' म्हणायला लागलं, आणि हे नाव त्याने एखाद्या पदवीसारखं अंगाखांद्यावर मिरवलं.

त्यातून कमळ त्याचा हात धरायची तेव्हा त्याला बरं वाटायचं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. नाडी मात्र तेव्हाही बहात्तरच असायची, आणि याचं त्याला मनातून थोडं वाईट वाटायचं.

घरी, चारकोपच्या सेक्टरमधल्या खोलीत, त्याची कीर्ती पोचली नव्हती. बाप काशीराम आधी कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संपात गिरणी गेली, आता तो तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर बसत होता. शेठने त्याला शब्द दिला होता की पोरगा बी.एस्सी. पास झाला तर आत लॅबोरेटरीत घेतो. बाप गेटवर आणि पोरगा आत, पांढऱ्या कोटात. या एका चित्रावर ते घर तीन वर्षं तग धरून होतं.

"काय रे लवू, ह्या तुझा नॉर्मल नॉर्मल म्हणजे काय असता?" काशीरामने एकदा विचारलं.

"म्हणजे अंगात सगळं बरोबर आहे, बाबा."

"मगे ता कागदार गावतला काय? शेठ कागद मागता."

कागदावर मिळायला शेवटच्या वर्षाची परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि त्यात प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागे. सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलात ती परीक्षा लागली. दोन दिवस, दोन बॅचेस. कमळची पहिल्या दिवशी, लवूची दुसऱ्या दिवशी. परीक्षेला ज्याने त्याने आपापला सब्जेक्ट आणायचा असतो. कुणी धाकटा भाऊ आणतं, कुणी ज्युनिअरला पटवतं. पहिल्या दिवशी अर्थातच लवूच पाच जणांचा सब्जेक्ट होऊन गेला. पाचही जण पास.

परीक्षा आटोपल्यावर कमळ स्टेथोस्कोप पुसत म्हणाली, "लव्या, एक विचारू? तू स्वतः कधी कुणाचं प्रेशर घेतलंयस?"

"दोनशे वेळा बघितलंय गं."

"बघितलंयस. झोपून. चल, आता माझं घे. शिकवते."

"जा गं. मला सगळं पाठ आहे."

पाठ होतं, यात खोटं काही नाही. पट्टा कुठे बांधायचा, फुगा किती दाबायचा, पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि ठोके बंद होतात तो खालचा, हे सगळं त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त तो ठोका त्याने तीन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. त्याचे प्रयोग कमळ करायची, त्याच्याच अंगावर, आणि जर्नलमध्ये तो तिचा आकडा उतरवून घ्यायचा. आता दोनशे वेळा दुसऱ्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने शिकवणी घ्यायची म्हणजे घोड्याने घोडेस्वाराकडे रपेट शिकायला जाण्यासारखं. त्याने नाक वर केलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चिठ्ठी उचलली: 'दिलेल्या सब्जेक्टचं ब्लडप्रेशर मोजा.' शेजारच्या टेबलांवर भाऊ, चुलतभाऊ, ज्युनिअर आडवे झाले, आणि लवूच्या टेबलावर कुणीच नाही. सब्जेक्ट आणायचा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सब्जेक्ट म्हटलं की तो स्वतःच, अशी इतक्या वर्षांची सवय.

"घाडीगावकर, तुझा सब्जेक्ट कुठे आहे?" वर्टी मॅडमनी विचारलं.

लवूने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"अरे देवा! शिवदास, तू झोप बघू इथे."

शिवदास म्हणजे लॅबचा शिपाई. पन्नाशी उलटलेला, अठरा वर्षं डिपार्टमेंटच्या काचा धूत आलेला, सगळ्या पोरांचा शिवदासकाका. आतापर्यंत या टेबलावर त्याने फक्त फडकं मारलं होतं. त्यावर झोपायचा मान मिळाला म्हणून तो लाजला, चपला काढल्या आणि देवळात आडवं व्हावं तसा हात जोडून आडवा झाला.

लवूने पट्टा बांधला, तो मात्र झकास बांधला. कुठे आवळतो आणि कुठे टोचतो हे त्याच्याइतकं मुंबईत कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्याने स्टेथोस्कोप कानात घातला. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असावी लागतात. लवूने ती उलटी घातली. फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली, पारा खाली खाली आला, आणि कानात ठार शांतता. पुन्हा दाबला. पुन्हा शांतता.

सवयीने त्याची दोन बोटं शिवदासच्या मनगटावर गेली. कमळ त्याचा पट्टा फुगवायची तेव्हा वेळ जावा म्हणून तो दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी धरून बसायचा. पारा एकशे वीसच्या वर गेला की नाडी बोटाखालून नाहीशी व्हायची. एवढा एक धंदा त्याला खरोखर येत होता. पारा एकशे वीसवर गेला. शिवदासची नाडी होती. एकशे चाळीस. होती. एकशे साठ. एकशे ऐंशी. अजून होती, आणि दार ठोठावल्यासारखी होती. ती गेली एकशे नव्वदच्या वर.

लवूने घाईघाईने हवा सोडून दिली.

"यस, रीडिंग?" मागून आवाज आला. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, ज्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणत, टेबलाशी येऊन उभे होते. त्यांच्या शेजारी वर्टी मॅडम. मॅडमच्या बोटांत लाल पेन्सिल.

लवूला त्या पेन्सिलीचं टोक दिसलं, आणि त्याच्यामागे चारकोपचं ते गेट दिसलं. एकशे नव्वद म्हणजे रिपीट. रिपीट करायला आता वेळ नव्हता, आणि केलं असतं तरी कानाला काही ऐकू येणार नव्हतं. शिवाय बोटांवर कुणी विश्वास ठेवावा? जिथे सुईने काढलेल्या रक्तावर ठेवत नाहीत, तिथे बोटांवर?

"एकशे वीस बाय ऐंशी, सर."

मॅडमचा चेहरा सैल झाला. एक्स्टर्नलनी मान डोलावली आणि तोंडी परीक्षा सुरू केली. पट्टा आवळला की हाताला काय होतं, असं त्यांनी सहज विचारलं, आणि लवूला कंठ फुटला. बोटं कशी जड होतात, मुंग्या आधी करंगळीला येतात की अंगठ्याला, हवा सुटली की ऊब कुठून कुठे उतरते, हे त्याने असं सांगितलं की एक्स्टर्नल चष्मा काढून ऐकत राहिले.

"बावीस वर्षं परीक्षा घेतोय," ते मॅडमना म्हणाले, "पण असा प्रॅक्टिकल केलेला मुलगा बघितला नाही." पन्नासपैकी शेहेचाळीस. बॅचमध्ये पहिला.

परीक्षा आटोपल्यावर शिवदास त्याला शोधत बाहेर व्हरांड्यात आला. चेहरा नुसता फुलला होता.

"लवू, बाबा, तुझे उपकार! मला म्युन्सिपाल्टीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने महिन्यामागे सांगितलं, एकशे नव्वद आहे, रोज गोळी खा, जन्मभर. डोकं ठणकायचं म्हणून गेलो होतो. म्हटलं, हे गरिबाला घाबरवतात झालं. गोळ्या घेतल्यात, पण खाल्ली एक नाही. आणि आज बघ! अख्ख्या युनिव्हर्सिटीने सांगितलं, नॉर्मल." त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर '१२०/८०, नॉर्मल' असं लिहिलं होतं आणि खाली एक्स्टर्नलची सही होती. "त्यांची बॅग रिक्षापर्यंत नेली, तेव्हा मागून घेतलं. चांगला माणूस."

लवूने ती सही बघितली. म्हणजे बोटं खरं सांगत होती. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"काका, थांबा जरा," म्हणून तो थेट मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम मार्कांच्या पाकिटावर लाखेचा ठसा मारत होत्या.

"मॅडम, माझं रीडिंग चुकलं. मला ठोके ऐकूच आले नाहीत. शिवदासकाकांचं एकशे नव्वद आहे."

मॅडमनी ठसा बाजूला ठेवला. "घाडीगावकर, तुला शेहेचाळीस मिळालेत."

"हो मॅडम, पण..."

"परीक्षेला बसवलेला सब्जेक्ट नॉर्मलच असतो. नसता तर आपण त्याला बसवला असता का?" लाख थिजली होती. त्यांनी पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "दमलायस तू. घरी जा, जेव, झोप."

याला म्हणतात बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, आणि बाप दाखवला तर म्हणायचं हा आमचा नव्हेच. लवू व्हरांड्यात परत आला. सरळ शिवदाससमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तो कागद खोटा आहे. मी आकडा मनाने सांगितला. मला प्रेशर घेताच येत नाही."

शिवदास हसला. मोठ्या मायेने हसला. "अरे, येत नाही तर पहिला कसा आलास? रिक्षात बसताना साहेबच म्हणाले."

लवूने पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, दवाखान्यात चला म्हणून हात धरला. शिवदासने हात सोडवून घेतला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. आणि इथे तर त्याच्याजवळ सहीचा कागद होता. उलट त्याने दुसऱ्या खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि लवूपुढे धरली. "तुझे वडील औषधाच्या कंपनीत आहेत ना? त्यांना दे. कुणा आजारी माणसाला लागतील. फुकट घालवू नये."

लवूने पुडी हातात घेतली. पांढऱ्या, बारीक गोळ्या. खरं बोलून झालं होतं, दोन माणसांपुढे, आणि दोघांनीही ते परत केलं होतं. आता उरलं होतं ते एकच. तीन वर्षं कमावलेलं जे काय नाव होतं ते त्याने पणाला लावलं.

"काका, तुमचं नॉर्मल आहे ना? मग ते तसंच राहायला हवं की नको?"

"हवं की."

"माझं तीन वर्षं कसं राहिलं? सकाळी बघा, दुपारी बघा, एकशे वीस बाय ऐंशी. कुणाचं राहतं असं?"

शिवदास विचारात पडला. अठरा वर्षांत त्याने असा दुसरा मुलगा पाहिला नव्हता, हे खरंच होतं. "कसं राहिलं?"

"ही गोळी," लवू म्हणाला. "रोज एक. ही आजाऱ्यांची नाही, नॉर्मल माणसांची आहे." आणि त्याने पुडीतली एक गोळी उचलून तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली.

शिवदासचे डोळे विस्फारले. "म्हणून होय!" तो म्हणाला. "तरी मी म्हणतो, हे पोरगं असं कसं!" आणि त्यानेही एक गोळी घेतली.

तासाभराने बसस्टॉपवर लवूला गरगरलं. तो दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला, दोन बसगाड्या सोडल्या आणि तिसरीत चढला.

पण शिवदासला एकट्याने गोळी घ्यायला आवडेना. आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणे. त्यामुळे सुट्टी असूनही लवू रोज सकाळी दहाला कॉलेजात येऊ लागला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःपुरती पांढरी पेपरमिंट आणायचा. पंधरा दिवसांत शिवदासचं डोकं ठणकायचं थांबलं, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आणि उपकाराची जाण असलेला माणूस तो, त्याने ज्याला त्याला आपल्या तब्येतीचं गुपित सांगितलं. लवूचंही सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. लवू पास. काशीरामने शेठला पेढे नेऊन दिले. कॉलेजात मार्कशीट घ्यायला गेला तेव्हा लवूला जाणवलं की कुणी त्याला नॉर्मल लवू म्हणत नाहीय. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. वर्टी मॅडम जिन्यात भेटल्या आणि पेढा न घेता पुढे गेल्या.

लॅबच्या दाराशी कमळ उभी होती. तिला फर्स्ट क्लास मिळाला होता, पण चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. आत शिवदास काचा पुसत होता. टेबलावर त्याने पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवले होते.

"लव्या, शिवदासकाका काय सांगतायत सगळ्यांना? तू तीन वर्षं प्रेशरच्या गोळ्या खायचास? खोटंय ना यार?"

लवूने आत पाहिलं. काच पुसायचं थांबवून शिवदास इकडेच बघत होता, कान देऊन. कमळला बाजूला न्यावं, सगळं सांगावं, असं त्याच्या फार मनात आलं. पण ती तोंडाची फटकळ. ऐकून घेतलं असतं आणि तिथल्या तिथे आत जाऊन शिवदासला चार शब्द सुनावले असते, की उद्यापासून गोळी बंद.

"खरं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे माझं सगळं जर्नल खोटं? माझा एकन् एक प्रयोग?"

"हो."

"आणि मी बोंबलत फिरले की माझं रक्त बोगस." ती जिन्याकडे वळली. "तोंड नको दाखवू मला परत."

ती जिना उतरून गेली. लवूला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दुखलं.

"काय झालं रे तिला?" शिवदासने विचारलं, आणि एक ग्लास त्याच्याकडे सरकवला. "तुझी आजची घेतलीस काय?"

"नाही," लवू आत येत म्हणाला. "घ्यायचीय."